भरतीचा नमुना

माझ्या कामाची वेळ चंद्र ठरवतो असं मी म्हटलं की लोकांना वाटतं, बाई काव्य करतेय. काव्य कसलं, डोंबल. मी शहराचं सांडपाणी तपासते. साडेतीन लाख माणसांनी सकाळपासून जे काही धुतलं, ओतलं, सोडलं ते आमच्या केंद्रात येतं, टाक्यांमधून फिरतं आणि शेवटी खाडीत पडतं. पडण्याआधी शेवटच्या कुंडीतून रोज एक बाटली भरायची, तिच्यात किती घाण उरली ते मोजायचं, वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. अकरा वर्षं मी हे करते आहे. बाटली किती वाजता भरायची, ते मात्र भिंतीवरचा भरती-ओहोटीचा तक्ता बघून ठरतं. भरती सकाळी सहाला असेल तर मी पाचला उठते, दुपारी एकला असेल तर एकपर्यंत जेवत नाही.

त्याचं असं आहे. शेवटच्या कुंडीला खाडीच्या बाजूने एक लोखंडी झडप होती, समुद्राचं पाणी उलटं आत येऊ नये म्हणून. मी नोकरीला लागायच्या आधीच ती गंजून गळून पडली. तेव्हापासून भरती चढली की समुद्र कुंडीत शिरतो आणि आमचं पाणी त्यात विरून जातं. ओहोटीला तीच कुंडी बघितली तर नुसता काळा गाळ, आणि भरतीला बघितली तर वाटेल, यात तोंड धुवावं. झडप दुरुस्तीचा अर्ज दर वर्षी जातो आणि दर वर्षी कुठल्याशा टेबलावर पडून राहतो. त्याच्या मागे लागणार कोण? ती मोडकी झडप म्हणजे आमच्या केंद्रातलं एकमेव धड काम करणारं यंत्र आहे. टाक्यांत हवा सोडणारे चार ब्लोअर होते, त्यातला एक चालतो. शहर दुप्पट झालं, टाक्या तेवढ्याच राहिल्या. जे मावत नाही ते बाजूच्या चरातून, टाक्यांचं तोंडही न बघता, थेट शेवटच्या कुंडीत येतं.

ही रीत मला मास्तरांनी शिकवली. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यांत जुने ऑपरेटर. आल्यागेल्याच्या चुका काढायची सवय, म्हणून मास्तर. नमुना घेताना दोरीला बांधलेला डबा कुंडीत सोडायचं काम त्यांचं. पहिल्या दिवशी मी भलत्याच वेळी बाटली घेऊन निघाले, तर त्यांनी मला परत पाठवलं आणि तक्ता कसा वाचायचा ते समजावून सांगितलं. मला वाटलं, काहीतरी शास्त्रीय कारण असणार. कुठे पाणी मुरतंय ते कळायला आठवडा लागला. कळल्यावर मी काय केलं? काही नाही केलं. नवी नोकरी होती, साहेब चांगले होते, आणि बाटलीत जे होतं तेच मी वहीत लिहीत होते. एक आकडाही मनाने घातला नाही. या एका गोष्टीवर मी अकरा वर्षं ताठ मानेने फिरले.

त्या आकड्याला आम्ही बीओडी म्हणतो. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप. तीसच्या आत असलं की पाणी सोडण्यालायक. आमचे आकडे सतरा, एकोणीस, बावीस. गुणी मुलांच्या प्रगतिपुस्तकासारखी माझी वही.

आता ताईबद्दल.

ताई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि तेव्हापासून आईचं जे काही काम असतं ते ताईने केलं, अगदी धपाटे घालण्यापर्यंत. केंद्राच्या भिंतीपलीकडे खाडीच्या तोंडाशी चिखलाचा लांब पट्टा आहे. ओहोटीला तो उघडा पडतो आणि बायका त्यात उतरून शिंपल्या काढतात. बावीस बायका होत्या, ताई त्यांच्यातली म्होरकी. माझी रसायनशास्त्राची पदवी त्या चिखलातून वर आली आहे. मला मात्र तिने कधी चिखलात उतरू दिलं नाही. मी मागे लागले की म्हणायची, तुझे पाय बुटात शोभतात, इथे कशाला घालतेस. मी केंद्रात लागले तेव्हा तिने सगळ्या बायकांना सांगितलं की आता पाण्यावर आपलं माणूस बसलंय.

रोज सकाळी तिचा फोन यायचा. "किती आला?" मी आकडा सांगायची. तीसच्या आत म्हणजे चांगलं, एवढं तिला मी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. ती पलीकडे ओरडून बायकांना आकडा सांगायची आणि मग त्या ओहोटीबरोबर उतरायच्या. खरं तर तो आकडा पाच दिवसांपूर्वीच्या पाण्याचा असायचा, कारण ती तपासणीच पाच दिवस चालते. तेवढं खोलात मी शिरले नाही. आणि तो भरतीचा असायचा. त्यात तर मुळीच शिरले नाही.

दोन वर्षांपूर्वी शिंपल्या मरायला लागल्या. जिवंत शिंपली घट्ट मिटलेली असते. या उघड्या पडलेल्या, आत काळा गाळ. आधी भिंतीजवळच्या, मग पट्ट्याच्या मधल्या, मग जिकडे तिकडे. टोपलीभर मिळायच्या तिथे ओंजळभर मिळेनाशा झाल्या. ताईच्या घोट्यांपर्यंत फोड आले. ते सुकायचे, फुटायचे, परत यायचे. डॉक्टरांनी पाण्यापासून लांब राहायला सांगितलं. ती मला म्हणाली, म्हणजे आता काय छपरावर चढून शिंपल्या वेचू? मी हसले. मलम आणून दिलं. त्या फोडांकडे बघून मला काय वाटलं ते सांगायचं तर मला त्यांचा राग आला. आपलं कोणीतरी आपल्यावर बोट रोखावं तसा राग.

बायकांनी तक्रार केली. वर्षभर कागद फिरले आणि शेवटी चौकशीची तारीख लागली. प्रश्न साधा होता. शिंपल्या केंद्राच्या पाण्याने मेल्या हे ठरलं, तर केंद्राला ब्लोअर आणि झडप दुरुस्त करावी लागणार होती आणि पट्टा बायकांकडेच राहणार होता. तसं ठरलं नाही, तर बायकांनीच ओरबाडून पट्टा संपवला असं धरून तो दहा वर्षं बंद होणार होता. ताई तेव्हा पंचावन्न वर्षांची होती. दहा वर्षं बंद म्हणजे तिच्यापुरता कायमचा बंद.

ताईला जराही काळजी नव्हती. माझी बहीण तिथली तपासनीस आहे, ती काय ते खरं सांगेल, असं ती सगळ्यांना सांगत फिरत होती. मला तिने एकदाच विचारलं, "तुझ्या वहीत काहीतरी असेलच ना गं? इतक्या मेल्या, म्हणजे कुठेतरी आकडा वर गेला असेल." मी बघते म्हणाले. बघायचं काय होतं? वही मला पाठ होती.

साहेबांना मी सरळ विचारलं की चौकशीत काय सांगायचं. साहेब वाईट माणूस नाही, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर त्याच्या नावाने बोटं मोडून मोकळी झाले असते. ते म्हणाले, खरं तेच सांगा. रोज एक नमुना घ्यायचा नियम आहे, आपण एकही दिवस चुकवला नाही. किती वाजता घ्यायचा ते नियमात लिहिलेलं नाही. मग मला खुर्ची देऊन त्यांनी ब्लोअरसाठी गेल्या सहा वर्षांत लिहिलेली पत्रं दाखवली. जाडजूड फाइल होती. प्रत्येक पत्राला वरून एकच उत्तर आलं होतं, तुमचे आकडे उत्तम आहेत, मग नवे ब्लोअर कशाला हवेत?

ते वाचून मी फाइल मिटली. म्हणजे माझे आकडे नुसती घाण लपवत नव्हते, ती घाण दूर करायची वाटही अडवून बसले होते.

चौकशीच्या आठ दिवस आधी मी भर ओहोटीला बाटली घेऊन कुंडीवर गेले. मास्तर डबा सोडायला तयार होईनात. त्यांना निवृत्तीला चार महिने उरले होते. शेवटी ते पाठ फिरवून उभे राहिले आणि मी स्वतः दोरी सोडली. डबा वर आला तेव्हा हातरुमाल नाकाला लावावा लागला, मला, जिने अकरा वर्षं याच वासात डबा खाल्ला. कठड्यावरून पट्टा दिसत होता. बायका वाकून काम करत होत्या, आणि कुंडीतून पडणारा काळा ओघळ पसरत पसरत त्यांच्या पायांपर्यंत गेला होता. ताईने मला बघून हात हलवला. मीही हलवला.

पाच दिवसांनी आकडा आला, एकशे अडुसष्ट. मी त्याचा वेगळा अहवाल केला आणि खाली सही केली. मग वहीतून वर्षभराच्या नमुन्यांच्या वेळा उतरवून काढल्या आणि प्रत्येकीसमोर त्या दिवशीच्या भरतीची वेळ लिहिली. दोन्ही रकाने जुळ्यांसारखे दिसत होते. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला वाटलं, आता अधिकारी काय करतील? डोळ्यांवर कातडं ओढून ओढून किती ओढतील? खरं सांगायचं तर मी त्या रात्री शांत झोपले.

चौकशी एका लांब खोलीत झाली. समोर एक अधिकारी बाई, एका बाजूला साहेब आणि मास्तर, दुसऱ्या बाजूला ताई आणि पाच-सहा बायका, धुतलेल्या कपड्यांत, मांडीवर हात ठेवून. अधिकारी बाई हुशार होत्या. त्यांनी माझा कागद आधीपासून वाचलेला होता. त्यांनी मला मोठ्याने वेळा वाचायला सांगितल्या. मी वाचायला लागले. सोमवार, नऊ वाजून दहा. मंगळवार, दहा वाजता. बुधवार, दहा पन्नास. चौथ्या-पाचव्या वेळेला बायकांच्या बाजूने चुळबुळ थांबली. त्या बायकांना तक्ता लागत नाही. कुठल्या दिवशी पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं हे त्यांच्या अंगात असतं. मी मान वर केली नाही. अधिकाऱ्यांना पटवायला म्हणून आणलेला कागद मी ताईलाच वाचून दाखवतेय, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. इतकी दिवसरात्र तयारी केली आणि तिला आधी घरी जाऊन सांगावं, हे मला सुचलं नव्हतं. की सुचूनही मी ते टाळलं, देव जाणे.

"हे आकडे खोटे आहेत का?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"नाहीत. पण सगळे भरतीचे आहेत."

"नियमात वेळ नाही. मग नियम मोडला कुठे?"

"मोडला नाही," मी म्हणाले. "पण ही फसवणूक आहे."

त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, कोणाची.

मग त्यांनी एकशे अडुसष्टचा अहवाल पुढे ओढला. बाटलीला सील होतं का? नव्हतं. साक्षीदार कोण होतं? मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर स्वतःची नखं बघत होते. कोणी सांगितलं म्हणून नमुना घेतला? कोणी नाही. तक्रारदार बाई तुमच्या कोण? सख्खी बहीण. हे शेवटचं त्यांनी लिहून घेतलं. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "एका बाजूला चार हजार नमुने आहेत आणि एका बाजूला एक. दोन्हींवर सही तुमचीच. मी कुठली मानू ते तुम्हीच सांगा."

मी म्हणाले, ओहोटीची माना. त्यांनी मान हलवली आणि पुढचा कागद घेतला. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली.

बाहेर बसथांब्यावर ताई एकटीच बसली होती. बाकीच्या बायका पुढे चालत गेल्या होत्या. मी शेजारी बसले. माझी समजूत होती की ती मला फाडून खाईल. लहानपणी पेन्सिल हरवली तरी तिने मला सोडलं नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हाताने थांबवलं.

"मी किती वाजता उतरते ते तुला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"आणि सकाळी मला आकडा सांगायचीस, तेव्हाही ठाऊक असायचं?"

"हो, ताई."

तिने रस्त्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली की पोरींना मी तुझ्या शब्दावर उतरवत होते, आता त्यांना काय सांगू. ते तिने मला विचारलं नव्हतं. बस आली, ती चढली, आणि माझं तिकीट तिने नेहमीसारखं काढलं नाही.

महिन्याभरात निकाल आला. केंद्राचं पाणी नियमात बसतं. पट्टा अति उपशाने संपला. दहा वर्षं बंद. खांब रोवून पाट्या लागल्या. शेवटी एक ओळ होती, की केंद्राने शक्य तेवढ्या बायकांना कामात सामावून घ्यावं. साहेबांनी मला काढलं नाही. मला बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, मन मोकळं झालं ना, बरं झालं. राजीनामा मी दोनदा लिहिला आणि दोन्हीदा फाडला. माझ्या जागी कोणीही आलं तरी बाटली भरतीलाच भरणार, मग मी गेले काय आणि राहिले काय, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच की मला भीती वाटली. बेचाळिसाव्या वर्षी ही नोकरी गेली तर दुसरी कुठून आणू, याची साधी, लाज वाटावी अशी भीती.

ताईने फोन करणं सोडलं. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती बोलली, पाणी दिलं, तब्येत विचारली. पाहुण्यांशी बोलतात तशी.

मास्तर निवृत्त झाले आणि केंद्राने चार बायका घेतल्या. तिघी आत येणाऱ्या पाण्याच्या जाळीवर, तिथे अडकलेल्या चिंध्या आणि प्लास्टिक दाताळ्याने ओढून काढायच्या कामाला. चौथी मास्तरांच्या जागी, माझ्या मदतीला. साहेबांनी ही निवड स्वतः केली होती आणि ती त्यांना फार आवडली होती. या बाईंना पाण्याचं जेवढं कळतं तेवढं तक्त्यालाही कळत नाही, असं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं. मी नाव विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम लवकर निघाले. सव्वादहा वाजले होते, ओहोटी पूर्ण लागलेली. ताई कुंडीच्या कठड्याशी दोरी घेऊन उभी होती. अंगात केंद्राचा निळा कोट, पायात दोन मापांनी मोठे गमबूट, आत फोडांवर बांधलेल्या पट्ट्यांमुळे फुगलेले. खाली काळं पाणी धो धो पडत होतं आणि पलीकडे पट्टा मोकळा पसरला होता, माणूस नसलेला. मी सगळं ठरवून आले होते. सील आणलं होतं, सहीचा कागद आणला होता. आता साक्षीदारही होती. आज घेऊ, उद्या घेऊ, वर्षभर रोज ओहोटीला घेऊ, मग बघू, ते चार हजार मोठे ठरतात की हे.

"ताई, सोड डबा," मी म्हणाले. "आत्ताच घेऊ. तू साक्षीला सही कर."

तिने खाली पाण्याकडे बघितलं. तिला माझं म्हणणं कळलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दोरी हातात घट्ट धरून ती म्हणाली, "पाणी चार वाजून वीस मिनिटांनी भरेल. तेव्हा घेऊ, मॅडम."

"ताई, मला मॅडम काय म्हणतेस?"

"साहेबांनी काल चौघींना सांगितलंय. आकडा तीसच्या वर गेला की चौघींना घरी पाठवणार." तिचा आवाज साधा होता, त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. "त्या तिघींना मीच इथे घेऊन आले. पट्टा तर गेलाच. आता आमच्या पोटावर पाय देऊ नका."

मी बाटलीला झाकण लावलं. सहा तास होते. ती कठड्यावर एका टोकाला बसली, मी दुसऱ्या टोकाला बसले, आणि आम्ही भरतीची वाट बघत राहिलो.